पट्टीचं दुसरं टोक

बसवंत, तुझी घडीची पट्टी माझ्या टेबलावर आहे. दोन फुटांची, चार घड्यांची, सांध्यांना पितळ. पहिल्या तीन इंचांवरचे आकडे बोटांनी पुसत आलेत. रस्त्यावरच्या ओव्हरसिअरला जे मोजावं लागतं ते बहुतेक तेवढ्यातच बसतं: भेग, खचलेली कड, खडीचा थर. परवा उमरग्याला गेलो होतो, तेव्हा तुझ्या आईनं, अव्वांनी, ती माझ्या हातात दिली.

तुझ्यावर चार ओळी लिहून द्या, असं आमच्या वर्तमानपत्राच्या संपादकांनी सांगितलं होतं. मी दिल्या. जन्म, शिक्षण, नोकरी, ताप. त्यांत एकही चूक नव्हती, आणि तू एकाही ओळीत नव्हतास. छापखान्यात खिळे जुळवायला गेलेला कागद मी परत मागून घेतला. त्या जागी हे लिहितो आहे. आपला वाद अर्धा राहिला, आणि तुझी बाजू मांडून झाली होती. राहिली होती ती माझी.

माझ्या एका बातमीमुळे तुझी बदली झाली. जिथं बदली झाली तिथल्या तापानं तू गेलास. बातमी खरी होती. तरी तिच्यात एक खोट होती. ती तू मला बोट ठेवून दाखवलीस आणि मी ती कबूल केली नाही.

सरहद्दीच्या दोन बाजूंना नोकऱ्या लागल्यापासून आपला एक दिवस कधी जुळला नाही. निजामाच्या हद्दीत कचेऱ्या जुम्म्याला बंद, सोलापुरात रविवारी. उस्मानाबादच्या शाळेत एका बाकावर उर्दू गिरवलेले आपण, पण तुला सुट्टी असली की मी कामावर, आणि मला असली की तू. तोडगा तूच काढलास. शुक्रवारी तू फटफटीचं सामान आणायला सोलापूरला यायचं. दुपारी माझं काम उरकलं की मला मागं बसवायचं. मी शनिवारची रजा टाकायची, आणि तू शनिवार-रविवार दौरा लावायचा. दौरा खोटा नसायचा. डोंगरातले रस्ते तपासणं हे तुझं कामच होतं. फक्त ते एकट्यानं करायचं असतं, असं कुठं लिहिलेलं नाही, असं तू म्हणायचास.

फटफटी एका गिरणीच्या गोऱ्या इंजिनियरनं जाताना विकलेली. लढाई चालू, पेट्रोल कुपनावर. तू त्यात रॉकेल मिसळायचास. त्यामुळे चढाला ती खोकायची, आणि दर दहा-बारा मैलांवर उतरून तुला प्लग खरवडावा लागायचा. अर्ज तू उर्दूत लिहायचास, माझ्याशी मराठीत बोलायचास, आणि फटफटीला शिव्या द्यायचास त्या कानडीत. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "ती अव्वाची भाषा हाय. लई जवळच्यालाच शिव्या देतो त्या भाषेत."

तामलवाडीच्या अलीकडं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. सोलापूरचा बातमीदार हद्दीत फिरताना सापडला तर पुन्हा आत येऊ देत नसत. माझं खिशातलं टिपण तू आधीच तुझ्या हत्यारांच्या पिशवीत, तेलकट चिंध्यांखाली घातलेलं असायचं. नाक्यावरच्या जवानानं पहिल्यांदा विचारलं तो दिवस मला आठवतो.

"पीछू कौन है जी?"

"मेरा आदमी है जी. पाना पकडता."

जवानानं माझ्या हातांकडं पाहिलं. शाईचे डाग होते. "काले हाथां तो हैं," तो म्हणाला, आणि बांबू वर केला. पुढं मैलभर तू हसत होतास आणि फटफटी डगमगत होती.

तुळजापूरला माझ्या आईकडं भाकरी बांधून घ्यायची, घाटानं वर चढायचं, उस्मानाबादेत तुझ्या खोलीवर उतरायचं, आणि सकाळी येडशीच्या डोंगरात शिरायचं. असे आपण सहा वेळा गेलो. सहाही वेळांचे रस्ते मला सांगता येतात, पण लिहायचं आहे ते पाचव्याबद्दल आणि शेवटच्याबद्दल.

पाचव्या वेळी माघ संपत आला होता. येडशीच्या पुढं बालाघाटाचा डोंगर वाळलेल्या गवतानं पिवळा झालेला, आणि मधूनमधून एखादा पळस पेटलेला. रस्ता मुरमाचा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वळणांवर वळणं. तू प्रत्येक वळणाला अंग टाकायचास. मी सरळ बसायचो.

"झुक रं!" तू मान न वळवता ओरडायचास. "म्हसोबावानी ताठ काय बसतूस? गाडी वळती तवा मागच्यानं बी वळायचं आसतं."

"पडलो तर?"

"पडलो तर दोघं पडू. ताठ बसलास तर दोघं पडूच."

मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

घाट अर्धा उतरल्यावर ओढ्यावर दगडी मोरी होती. गाडी तिच्यावरून जाताना तुला काही जाणवलं. मला काहीच जाणवलं नव्हतं. तू थांबलास, मागं चालत आलास, आणि धोतर खोचावं तशी पाटलोण वर करून खाली ओढ्यात उतरलास. मग मला हाक मारलीस.

कमानीखाली पोटरीएवढं पाणी. मधल्या दगडांपासून एक भेग वर गेली होती. आदल्या पावसातल्या पुरानं पाया धुतला असावा, असं तू म्हणालास. तू दोन्ही पाय दगडांच्या खाचेत रोवून वर चढलास आणि पट्टीचं एक टोक भेगेच्या तोंडाशी धरलंस. तिथून तुला आकडा दिसत नव्हता. खालचं टोक मी धरलं, आणि मान वाकडी करून वाचलं.

"किती?"

"सव्वा."

"नीट वाच."

"सव्वा इंच."

तू खाली उतरलास, हात पुसलेस आणि वहीत लिहिलंस. काडीनं आत ढोसून खोली पाहिलीस, तीही लिहिलीस. मग आपण मोरीच्या कठड्यावर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाता खाता म्हणालास, या मोरीचा रिपोर्ट तू दिवाळीच्या सुमाराला केला होतास. तेव्हा भेग पाऊण इंच होती. रिपोर्ट फायलीत आहे. आता सव्वा झाली. याही वेळी लिहिशील, तोही फायलीत जाईल. आणि चैत्रात सोनारीच्या काळभैरवाची यात्रा. कळंबकडच्या गाड्या याच रस्त्यानं जाणार. बैलगाड्या, सर्व्हिस मोटार, बायका, पोरं.

मी विचारलं, "मग?"

तू चटणीचं बोट पाटलोणीला पुसलंस आणि दरीकडं बघत म्हणालास, "तू बघितलंस न्हवं? मग लिही की."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. शब्द ऐकले, ते विसरलो नाही, पण त्यांत तू मला काय करायला सांगितलंस ते मला पुढं कळलं.

त्याच दिवशी संध्याकाळी आपण सोनारीत होतो. देवळाशी माकडं फार. तू आत नमस्कार करून बाहेर आलास तर एक मोठं हुप्प्या माकड फटफटीच्या मागच्या सीटवर बसलेलं, माझ्या जागी. तू हळूच हँडल धरून गाडी उजवीकडं कलती केलीस. तेही उजवीकडं कललं.

"बघ बघ," तू म्हणालास, "तुझ्यापरास लाखानं बरं. पुढच्या बारीला ह्यालाच न्हेतो."

"त्याला आकडे वाचता येतात का?"

"आकडे वाचायला येतेत, पर छापत तरी न्हाय."

आपण दोघं हसलो. रविवारी दुपारी तू मला बार्शीत सोडलंस आणि परत डोंगराकडं वळलास.

बातमी मी त्याच आठवड्यात दिली. एकोणीस ओळी. मोरी कुठली, भेग कुठून कुठवर, रुंदी सव्वा इंच, यात्रा कधी. मला ती अजूनही चांगली वाटते, एक वाक्य सोडून. शेवटचं वाक्य असं होतं: "असे एका माहितगार इसमाकडून समजते."

हे वाक्य मी विचार करून लिहिलं नाही. आमच्या धंद्यात ते हाताला लागलेलं असतं. बातमीत बातमीदार नसावा, असं मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं, आणि पुढं मी नव्या पोरांच्या कागदांवरचे "मी" लाल पेन्सिलीनं खोडत आलो. पण खरं सांगायचं तर सवयीच्या आड भीतीही होती. मी स्वतः पाहिलं असं छापलं असतं, तर मी हद्दीत आलो होतो हे छापल्यासारखं झालं असतं. नाका माझ्यासाठी बंद झाला असता. तुळजापुरात आई एकटी होती. मी स्वतःला आईचं कारण दिलं आणि कागद जुळणीला पाठवला.

तुझी वही सोडली तर तो आकडा जगात दोनच ठिकाणी होता. एक माझ्या बातमीत. दुसरा तुझ्या खात्यातल्या एका फायलीत, तुझ्या सहीवर.

मोरी दुरुस्त झाली. यात्रेच्या आठ दिवस आधी रस्ता बंद करून कमानीला नवे दगड बसवले. यात्रा सुखरूप गेली. आणि वैशाखात तुझ्या बदलीचा हुकूम निघाला, गोदावरीच्या पार, जंगलातल्या जिल्ह्यात. फिरतीवर नाही, टेबलावर.

हुकूम खिशात घेऊन तू सोलापूरला आलास. शुक्रवार होता. "चल," एवढंच म्हणालास. रजा न टाकता मी मागं बसलो. नाक्यावर तू नेहमीसारखं म्हणालास, मेरा आदमी है. दुसऱ्या दिवशी घाटात, त्याच मोरीवर, फटफटी बंद पडली की तू बंद केलीस, मला माहीत नाही. तू प्लग काढून खरवडायला बसलास. ऊन रखरखत होतं. नव्या दगडांचा रंग जुन्या दगडांहून फिका होता.

मीच सुरुवात केली. दोषी माणूस आधी बोलतो. म्हणालो, "तुझं नाव कुठं छापलं होतं मी?"

"नाव न्हाय छापलंस. आकडा छापलास. ह्या डोंगरात भेगंला पट्टी लावणारा एकच येडा हाय, हे बारकं लेकरू बी सांगंल."

"आकडा न देता लिहिलं असतं तर मोरी कुणी बांधली असती का? 'मोठी भेग पडली आहे' म्हटल्यावर कोण हलतं?"

"आकडा द्यायचाच व्हता. त्येच्याबद्दल म्या काय म्हणलो का?" तू प्लग उन्हात धरून पाहिलास. "साहेबांनी बोलावलं. म्हणले, मोजमापात चूक झाली आसं लिहून दे, मामला मिटवून टाकतो. म्या म्हणलो, मोजलेलं चुकलं आसं कसं लिहू? दोघांनी बघितलेला आकडा हाय तो."

"लिहून द्यायचं होतंस. मोरी तर बांधून झाली होती. कुणाचं काय बिघडलं असतं?"

"माझं."

मग तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही. मोजताना पाहायचास तसं.

"एक सांग. 'समजते' कशापायी लिहिलंस? तुला समजलं व्हतं का ते? कुणी सांगितलंतं? तू हितं पाण्यात हुबा ऱ्हाऊन वाचलंस. 'मी बघितलं' आसं लिहायचं. मग आकडा तुझा झाला आसता. तुला त्ये काय करणार व्हते? तू काय त्येंचा नोकर हायेस?"

"बातमीत 'मी' नसतो, बसवंत."

"मग कोण आसतो?"

तू प्लग बसवलास, किक मारलीस, आणि फटफटीला एक कानडी शिवी दिलीस. तिलाच दिलीस ना? उतारावर मी एकदा झुकायचा प्रयत्न केला, तर चुकीच्या बाजूला झुकलो. तू नुसती गाडी सावरलीस. बार्शीत उतरलो तेव्हा "माफ कर" हे शब्द माझ्या तोंडात होते. मी म्हणालो, "पत्र टाक." तू म्हणालास, "तू टाक की. लिहायचा धंदा तुझा हाय."

मी टाकलं नाही. आज टाकू, उद्या टाकू, असं नव्हतं ते. तीनदा बसलो आणि तीनही वेळा पत्र "कळविण्यात येते की" असं सुरू झालं.

पावसाळा संपता संपता तुझ्या तिथल्या सोबत्याचं पोस्टकार्ड आलं. जंगलचा ताप. अकरा दिवस. त्यानं लिहिलं होतं, शेवटच्या दिवसांत तू तापात वळणं मोजायचास. आणखी एक ओळ होती, ती मला तेव्हा कळली नाही: "चौकशीत त्यांना सोबतच्या माणसाचं नाव वारंवार विचारण्यात आलं होतं, हे आपणास ठाऊक असेलच."

ठाऊक नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस.

उमरग्याला तुमच्या अंगणात फटफटी गोणपाटाखाली उभी आहे. सीटवर कोंबडी बसली होती. अव्वांनी तिला हुसकलं आणि मला म्हणाल्या, "बा, बस." रडून झालेलं होतं त्यांचं. घरचं कुणी वेळेवर पोचू शकलं नाही, त्या म्हणाल्या. तिथल्याच चार लोकांनी केलं. "आपल्या लिंगायती रितीनं केलं म्हणं. मातीत बसवूनच ठिवलं. ताठ. हातात लिंग दिलं." मग थांबून म्हणाल्या, "त्येला ताठ बसायची कुठं सवय व्हती? पोरगं कायम वाकडं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण त्यांनी पेटीतून पट्टी काढली आणि तिच्यासोबत तुझी दौऱ्याची खिशातली वही. "उर्दू हाय. आमच्यात कुणाला येत न्हाय. तू त्येच्यासंगं शिकलावतास. वाचून दाव, काय लिवलंय पोरानं."

मी मोठ्यानं वाचत गेलो. उर्दू वाचायची, मराठीत सांगायची. अमुक मैलाला खड्डा, अमुक मोरीला झुडूप. अव्वा मान हलवत ऐकत होत्या, पोथी ऐकावी तशा. तुझी वही मी पहिल्यांदाच उघडून पाहत होतो. तिच्यात खाडाखोड नव्हती. चुकलेल्या आकड्यावर एक बारीक रेघ, बाजूला बरोबर आकडा, खाली सही. चुकलेलंही वाचता आलं पाहिजे, हा तुझा नियम तू मला घाटात सांगितला होतास, आणि मी आमच्या लाल पेन्सिलीचं कौतुक केलं होतं.

मग माघातलं ते पान आलं. मोरीची जागा. रुंदी सव्वा इंच. खोली. खाली: "पट्टीचं दुसरं टोक धरून आकडा वाचणारा—" आणि पुढं काळा डाग. टाक इतक्या वेळा फिरवलेला की कागद फाटून मागचं पान दिसत होतं. शेजारी सही नव्हती. सबंध वहीत वाचता येणार नाही असं खोडलेलं तेवढं एकच नाव होतं.

"काय लिवलंय?" अव्वांनी विचारलं.

"नाव खोडलंय."

"कुणाचं?"

मी सांगितलं. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, डागावरून अंगठा फिरवला, आणि परत दिली. पट्टी घेऊन जा, एवढंच म्हणाल्या.

मोजलेला आकडा चुकला असं तू लिहून दिलं नाहीस. त्यापायी जंगलात गेलास. आणि माझं नाव मात्र चौकशीत सापडू नये म्हणून तू खोडलंस, तुझा स्वतःचा नियम मोडून. शेवटच्या वेळी मोरीवर थांबलो तेव्हा हे झालेलं होतं. वही तुझ्या खिशात होती. मला दाखवली असतीस तर वाद तिथंच मिटला असता. तू दाखवली नाहीस. नुसतं विचारलंस, मग कोण असतो?

परत येताना मी तुळजापूरला उतरलो. आईला सगळं सांगितलं. म्हणालो, हे मी छापणार आहे, माझ्या नावानं. मग कदाचित मला इकडं येता येणार नाही. ती जोंधळे निवडत होती. म्हणाली, "मग मी येईन की सोलापूरला. मला कोण अडिवतंय?"

ज्या कारणासाठी मी ते वाक्य लिहिलं, ते कारण एवढंच होतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

आमच्या पत्रात चूक झाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापतात. शक्य तितक्या थोड्या शब्दांत, आतल्या पानावर. ही उशिरानं देतो आहे, आणि तुला ती वाचता येणार नाही.

दुरुस्ती. घाटातल्या मोरीस सव्वा इंच भेग पडल्याचं एका माहितगार इसमाकडून समजते, असं या पत्रात छापलं होतं. कुणाकडून समजलं नव्हतं. मोरीखाली पाण्यात उभं राहून पट्टीवरचा आकडा मी वाचला. ओव्हरसिअरनं मला तो नीट वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचला. सव्वा.